पुलाच्या तबकडीतली झांज

त्या तबकडीत झांज न्हाई म्हणजे न्हाई, असं मी पौडच्या एष्टी स्टँडवर चारचौघांत ओरडून सांगितलं. समोर ज्ञानदेव उभा होता. तहसील कचेरीतला कारकून, इस्त्रीची पँट, काखेत फाइल, आन् शाळेपासूनचा माझा दोस्त. "बक्षा, अरे हळू बोल, लोक बघताहेत," म्हणला. बघू देत की! माणूस माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलणार आन् मी हळू बोलू?

तुमी म्हणाल, एवढ्याशा झांजेपायी एवढा तमाशा कशाला. सांगतो. पण मधी बोलू नका, माझं डोकं लवकर फिरतं.

माझं नाव अल्लाबक्ष. 'अल्लाबक्ष साउंड सर्व्हिस' अशी पाटी घरावर हाय. लग्न, बारसं, उरूस, जयंती, निवडणूक, काय बी असो, भोंगा माझा. मशिदीचा, मारुतीच्या देवळाचा आन् बुद्धविहाराचा, तिन्ही भोंगे मीच बसवलेत. वीस वर्सं हेच केलं. भोंगा घरघरायला लागला की दुसरे लोक मशीन खोलून बसतात. मी सरळ भोंग्याच्या तोंडात मुंडी घालायचो, कान पार आत, आन् माईकवर जो असंल त्याला म्हणायचो, बोल, मोठ्यानं बोल. तार सैल झालीय का आतला पडदा फाटलाय ते मला तितल्या तितं कळायचं. लोक म्हणायचे, अल्लाबक्षाच्या कानात मीटर हाय. मला ते ऐकून लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? सातवीत शाळा सुटली, शेतीचा तुकडा न्हाई, दिसायला हा असा. मिरवायला माझ्याकडं एक कान तेवढा होता.

आता तबकडीचं. चौऱ्याऐंशीच्या श्रावणात लग्नं बंद, धंदा बसलेला. मी आन् ज्ञाना रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. मला भोंग्याचं युनिट पायजे होतं, त्याला रेडिओचे वॉल्व्ह. त्याचा तो जुना नाद, कचेरी सुटली की घरी रेडिओ जोडत बसायचं आन् परदेशी स्टेशनं लावायची. तितं चाँदभाई नावाचे एक म्हातारबुवा ताडपत्रीवर तबकड्या मांडून बसायचे. हिंदी शिनेमाच्या वेगळ्या, आन् एका खोक्यात इंग्रजी, उभ्या कोंबलेल्या. कँपातले बंगलेवाले परदेशी जाताना विकून टाकायचे, त्या. ज्ञानानं त्यातली एक उचलली, कव्हरातनं काढली, उन्हाकडं तिरपी धरली आन् तसाच उभा राहिला.

"काय झालं?" मी म्हणलं.

"ही कुणी वाजवलेलीच नाही रे."

कव्हरच्या मागं बारीक इंग्रजीत लिहिलेलं त्यानं वाचलं. जॅझ. अठ्ठावन्न साल. चार वादक, एक खोली, दोन माईक, सगळ्यांनी एकदम वाजवायचं आन् चुकलं तर पुन्हा पहिल्यापासनं. मी विचारलं, नाव कुणाचं हाय? "कुणालाच माहीत नसलेल्याचं," ज्ञाना म्हणला. "म्हणून तर कोरी राहिली. नावाजलेल्यांच्या बघ, घासून घासून पांढऱ्या पडल्यात." मला ते पटलं. लग्नात बी असंच होतं. गाजलेल्या गाण्याच्या तबकडीचं चार लग्नांत भजं होतं.

घरी आमचा एक सेट होता. ज्ञानानं ॲम्प्लिफायर जोडलेला, मी स्पीकरची खोकी बनवलेली. शेजारी पिठाची गिरणी. गिरणी चालू असली की व्होल्टेज पडतं आन् तबकडी म्हशीगत रेंगाळते, म्हणून दुपारी एक ते तीन, गिरणी बंद असताना, आमचं ऐकणं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ज्ञाना आला. सुई टेकवली. आधी कायच न्हाई. म्हणजे खरंच कायच न्हाई, खरखर सुद्धा न्हाई. मग आमच्या खोलीत बसून कुणीतरी जाड तारेला बोट लावलं. अल्ला कसम, मी वळून बघितलं. मग एक पितळी वाद्य, बँडवाल्याच्या क्लॅरनेटापरास जाड गळ्याचं. वाजवणारा फुंकायच्या आधी श्वास घेत होता, तो बी कळत होता. कुणाची तरी खुर्ची करकरली. तेवढ्यात जोहरा, माझी बायको, चहा घेऊन आली, ती उंबऱ्यातच थांबली आन् तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"काय गं?"

"अवो, मला वाटलं परके पुरुष बसलेत," ती म्हणली, आन् मग आमी तिघं बी हसत सुटलो.

मी हसलो खरा, पण आत कायतरी हललं होतं. वीस वर्सं मी आवाज विकला, मोठ्यातला मोठा, दोन मैलावर जाईल असा. आवाज असा असतो, माणूस समोर बसल्यागत, हे मला चाळिशीत कळलं. जरा लाज वाटली. आन् आनंद तर इतका झाला की रात्रभर कूस बदलत पडलो.

त्यानंतर जिवाला चैन न्हाई. दर रविवारी दोघं, बुधवारी मी एकटा. पहिली एष्टी, जुना बाजार, चाँदभाईंचं खोकं. ज्ञानाचे नियम ठरलेले. नाव ओळखीचं असलं की बाजूला ठेव. साल साठच्या आसपासचं बघ. उन्हात धर, काळीभोर चमकली पायजे. मला इंग्रजी येत न्हाई, तर मी कव्हरवरच्या चित्रावरनं नावं ठेवली. खुर्ची. पिवळा कोट. चष्मेवाला. ओला रस्ता. एकदा एकट्यानंच गेलो आन् मोठ्या सोनेरी अक्षरात 'स्टिरिओ' लिहिलंय म्हणून एक घेऊन आलो, तर आत वादक कुटले, निस्ती आगगाडी! ह्या स्पीकरच्या खोक्यातनं निघायची आन् त्या खोक्यात जायची. जोहरानं त्या आगगाडीवरनं मला महिनाभर छळलं. "अवो, पुण्याची गाडी गेली का?" म्हणायची.

दिवाळीपर्यंत आठ चांगल्या जमल्या. नववी पुलाची. कव्हरवर धुक्यातला एक पूल, माणूस न्हाई काणूस न्हाई. तीन वादक, तिघांची बी नावं ज्ञानानं कधी ऐकलेली न्हाईत. आन् त्या दिवशी माझ्या हातनं घोटाळा झाला.

आमच्या धंद्यात एक रीत हाय. लग्नात पोरं नाचतात, फळ्या हलतात, सुई उडते. मग आमी काय करतो, सुईच्या दांडीवर चार आण्याचं नाणं चिकटपट्टीनं चिकटवतो. वजन पडलं की सुई उडत न्हाई. तबकडी खरवडते, पण लग्नाची तबकडी असतीच खरवडायला. त्या दिवशी घरच्या प्लेअरचा पट्टा तुटलेला, म्हणून मी लग्नाचा प्लेअर लावला आन् नाणं काढायचं साफ विसरलो. दोन्ही बाजू वाजून झाल्यावर ज्ञानाला ते दिसलं. त्यानं कपाळावर हात मारला. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की जोहरा आतनं म्हणली, पुरे करा, भिंती ऐकतात.

पण ज्ञाना मधीच म्हणला, "जाऊ दे रे. ती शेवटची झांज तरी ऐकायला मिळाली."

"कुटली झांज?"

"सगळं थांबल्यावर ढोलवाला एकदाच झांजेवर हलकी काडी मारतो आणि सोडून देतो. बारीक होत होत किती वेळ वाजत राहते! सुई मधल्या गोल कागदापाशी पोचेपर्यंत. बक्षा, इतका स्वच्छ आवाज मी जन्मात ऐकला नाही. बाकी आठ तबकड्या ह्यावरून ओवाळून टाक."

मी पुन्हा लावली, ह्या वेळी नाणं काढून. पितळी वाद्य थांबलं, जाड तार थांबली, 'टक्' झालं, आन् संपलं. मी म्हणलं, एवढीच? तो म्हणला, अजून वाजतेय, ऐक की. मी ऐकलं. कायच न्हाई. पुन्हा लावली. टक्, आन् संपलं. "झाली का तुझी थट्टा करून?" मी म्हणलं. त्याला कायच कळंना. तो आपला म्हणत राहिला, अरे वाजतेय, वाजतेय.

तिथनं सुरू झालं. मी सुई बदलली. तारा बदलल्या. स्पीकरचा वरचा छोटा शंकू बदलला, बारीक आवाज तोच काढतो. खोकी ह्या भिंतीची त्या भिंतीला नेली. जोहराचं धान्याचं पिंप सुद्धा हलवलं, ते आवाज खात असंल म्हणून. टक्, आन् संपलं. जेवताना डोक्यात तेच, नमाजाला उभं राहिलं तरी तेच. मग मला नाण्याचं सुचलं आन् जीव भांड्यात पडला. हां! नाण्यानंच झांज खरवडून काढली. ज्ञानानं ती पहिल्यांदा ऐकली तेवढीच. आता त्याला आठवणीनं ऐकू येतीय. हे सांगायला मी स्टँडवर गाठला त्याला, तर म्हणतो कसा, "परवा तुझ्या घरी पुन्हा ऐकली ना मी. तबकडीला काही झालेलं नाही, बक्षा. तू एकदा कान दाखवून घे कुणाला तरी."

कान! मला! पौडात! त्यावरनंच मी ओरडलो, जे पहिल्यांदा सांगितलं ते. त्या दिवसापासनं आमचं बोलणं बंद.

कान दाखवून घे म्हणे. पण खरं सांगायचं तर ते शब्द काट्यागत आत राहिले. कारण मार्गशीर्षात कोळवणच्या हैबतरावांच्या मुलीचं लग्न होतं, तितं भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, मी मशीनपाशी ऐटीत उभा, आन् बघतोय तर मांडवातल्या बायका कानांवर हात ठेवतायत. लहान पोरं रडायला लागली. हैबतराव धावत आले. "अल्लाबक्ष, झोपलायस व्हय? भोंगा शिट्टी मारतुया कवाधरनं!" शिट्टी? कुटं शिट्टी? मला तर भटजींचा आवाज नीट येत होता. मी बटण मागं घेतलं तसे सगळ्यांचे हात खाली आले. मी म्हणलं, मशीन नवीन हाय, होतं कधीमधी. हैबतराव माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या बघण्यात राग न्हाई, नवल होतं, आन् मला रागापरास तेच जास्त लागलं.

घरी येऊन जोहराशी उगीच भांडलो. ती म्हणत होती आताशा तुमाला दोन-दोनदा हाका माराव्या लागतात. मी म्हणलं, तू तोंडातल्या तोंडात बोलतीस. वर म्हणलं, औंदा एक बरं हाय, डास न्हाईत. जोहरा हसायला लागली, मग हसता हसता थांबली. "डास न्हाईत?" म्हणली. "अवो, कानाशी गुणगुण करून जीव खाल्लाय माझा." मी ताटावरनं उठलो.

तिला मी झांजेचं कधी विचारलं न्हाई. पुलाची तबकडी लावायचो तेव्हा ती चुलीपाशी, न्हाईतर ओढ्यावर. बोलावलं असतं तर आली असती. मी बोलावलं न्हाई. का न्हाई, ते तेव्हा मी मला सुद्धा सांगितलं न्हाई.

मी एकच ठरवलं. दुसरा पूल पायजे. तीच तबकडी, कोरी, नाणं न लागलेली. त्यात झांज वाजली की ज्ञाना खरा, नाणं गुन्हेगार, आन् माझा कान सलामत. माझा कान गेला तर माझ्याकडं काय राहतं, सांगा? भोंगे काय, दुसरा कोणी बी बांधील.

पौष सगळा असाच गेला. बुधवार, रविवार, मधल्या वारी सुद्धा. ज्ञाना बरोबर न्हाई, मी एकटाच खोकी उपसतोय. खुर्चीच्या तबकडीपरास चांगल्या दोन हाताला लागल्या, तशाच ठेवून दिल्या. चाँदभाईंना मी पुलाचं चित्र कागदावर काढून दिलं होतं. ते म्हणायचे, "मियाँ, ह्या पुलानं तुमाला पार येडं केलंय. दुसरा पूल बघा की, नदीवर लई हायेत." आन् एका बुधवारी त्यांनी लांबनंच हात केला. ताडपत्रीखालनं काढून दिली. तोच धुक्यातला पूल. वरचं प्लास्टिक सुद्धा फोडलेलं न्हाई. अठ्ठावन्न-साठ सालापासनं कुणी हात लावला न्हाई तिला. मी चाँदभाईंचा हातच धरला. ते म्हणले, अहो रडताय काय, तबकडी हाय ती. एष्टीत मी ती मांडीवर आडवी धरून बसलो आन् चांदणी चौकापासनं पौडपर्यंत कुणाला टेकू दिलं न्हाई.

शुक्रवारी दुपारची नमाज झाली, गिरणी बंदच होती. मी नवी सुई बसवली. घरचा प्लेअर, पट्टा नवा. हात पुसून प्लास्टिक फाडलं. मग जोहराला हाक मारली.

"हितं ये. इकडं पाठ करून उभी राहा. मी लावतो. वाजतंय तोवर हात वर ठेव, थांबलं की खाली घे."

"काय वाजतंय तोवर?"

"काय बी. आवाज हाय तोवर."

"माझं पीठ भिजवून पडलंय."

"राहू दे गं पीठ!" मी ओरडलो. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मग भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. उजवा हात वर. बोटांना कणीक.

मी शेवटच्या गाण्यावर सुई ठेवली. काय तबकडी होती! जाड तारेवरनं बोट घसरलं ते कळत होतं. पितळी वाद्य इतकं जवळ की वाजवणाऱ्याच्या तोंडातली थुंकी ऐकू यावी. मी मनात म्हणत होतो, बघ, सगळं ऐकू येतंय, सगळं येतंय. पितळी थांबलं. तार थांबली. टक्.

मी जोहराच्या हाताकडं बघितलं. हात वर.

मी श्वास रोखला. खोलीत कायच न्हाई. हात वरच. मी गुडघ्यावर बसून स्पीकरच्या खोक्याला कान लावला, डावा, मग उजवा. भोंग्यात घालायचो तसाच, पार आत. कायच न्हाई. म्हणलं, विसरली असंल. पण विसरली नव्हती. तिची मान जरा कलली होती, कुणी लांब जात असताना आपण बघत राहतो तशी. मग हात खाली आला.

ती वळली तेव्हा तोंडभर हसू होतं. "अवो, काय गोड होतं ते शेवटचं! संपूच नये असं..." आन् तिला मी दिसलो, खोक्याला कान लावून जमिनीवर बसलेला.

मला ओरडायचं होतं. पण कुणावर? नाणं न्हाई. सुई नवी. तबकडी कोरी. ज्ञाना बिचारा कचेरीत. मला लई भीती वाटली, लहानपणी धरणाच्या पाण्यात पाय सुटला होता तेव्हा वाटली होती तेवढी. मी म्हणलं, "जोहरा, मला आलं न्हाई ते. मला टक् आलं, पुढं कायच न्हाई."

मी तर सांगतच होते, असं ती म्हणली न्हाई. म्हणली असती तर मी भांडलो असतो आन् बरं वाटलं असतं. तिनं लुगड्याला हात पुसला आन् प्लेअरपाशी आली. वीस वर्सांत त्या मशीनला मी तिला बोट लावू दिलं नव्हतं. "सुई कुटं ठेवायची?" म्हणली. मी जागा दाखवली. तिनं दोन बोटांनी दांडी उचलली, जपून ठेवली, आन् ह्या वेळी माझ्याकडं तोंड करून उभी राहिली. हात वर.

पितळी थांबलं. तार थांबली. टक्.

"आता एवढी हाय," ती म्हणली. हात डोक्याच्या वर. मग तो हळूहळू खाली यायला लागला. कपाळापाशी. नाकापाशी. ती डोळे बारीक करून ऐकत होती आन् जेवढी उरली तेवढा हात मला दाखवत होती. हनुवटीपाशी तर तो कितीतरी वेळ थांबला. खांद्यापाशी. मी पापणी लवू दिली न्हाई. मला रडू येत होतं आन् तरी मी हातावरनं नजर काढली न्हाई. हात कमरेपाशी येऊन थांबला तेव्हा सुई आतल्या कोऱ्या जागेत जाऊन टकटक करत होती, आन् ती टकटक मात्र मला अगदी नीट ऐकू येत होती.